घोड्यांच्या कुरणात सावलीसाठी कोणती झाडं लावावीत? नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाडवा उलटला आणि ऊन चढू लागलं की हे प्रश्न सुरू होतात. विचारणारे सगळ्या प्रकारचे असतात. कुणी वरातीसाठी दोन नुकरे, म्हणजे पांढरे घोडे, ठेवलेले असतात, कुणी येवल्याच्या घोडेबाजारातून हौसेनं शिंगरू आणलेलं असतं, तर कुणाचा दिंडोरीकडे एक-दोन एकरांचा तुकडा असतो आणि तिथे घोडी मोकळी सोडायची असतात. मी सिन्नरच्या बाजूला घोडी पाळतो. जे पाहिलं, जे पशुवैद्यकांकडून शिकलो आणि जे चुकलं, ते खाली लिहिलं आहे.

तबेला आहे, मग झाडाची सावली कशाला?

पत्र्याच्या तबेल्यात एप्रिलच्या दुपारी दोन वाजता स्वतः दहा मिनिटं उभं राहून बघा. पारा चाळिशीकडे सरकला की पत्रा वरून भाजतो आणि आतली हवा कोंडते. झाडाखाली वारा वाहता राहतो आणि पानांतून उडणाऱ्या ओलाव्यानं गारवा टिकतो. घोडं घामानं अंग थंड ठेवतं आणि घाम वाळायला वारा लागतोच. शिवाय मोकळ्यावर, चार पावलं चालत, एकमेकांच्या माश्या शेपटीनं हाकत उभं राहणं त्याच्या स्वभावात आहे.

गाई-शेळ्या जो पाला खातात तो घोड्यालाही चालतोच ना?

नाही. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

गाय, म्हैस, शेळी ही रवंथ करणारी जनावरं. त्यांच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात, रुमेनमध्ये, असंख्य सूक्ष्मजीव असतात आणि काही विषारी द्रव्यं पुढे जाण्याआधीच ते मोडून टाकतात. घोड्याला हा कप्पा नाही. त्याचं पोट साधं आणि लहान असतं, चारा कुजवण्याचं काम पुढे मोठ्या आतड्यात होतं, पण तोवर विष रक्तात गेलेलं असतं. त्यात घोड्याला ओकता येत नाही. एकदा गिळलं की आतच राहतं.

याचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण म्हणजे सुबाभूळ. शेळीपालनात तिचं केवढं कौतुक होतं, बांधावर फुकट वाढते, पाला हिरवागार. पण तिच्यात मिमोसिन नावाचं द्रव्य असतं, कोवळ्या पानांत आणि बियांत जास्त. एका उन्हाळ्यात चारा महागला म्हणून आमच्या गड्यानं शेजारच्या बांधावरचे सुबाभळीचे शेंडे रोज भारा भरून आणायला सुरुवात केली. घोडी आवडीनं खायच्या, म्हणून मलाही त्यात वावगं वाटलं नाही. पाचेक आठवड्यांनी सकाळी खरारा करताना आमच्या कुमैत घोडीच्या शेपटीचे केस मुठीत आले. ओढले नव्हते, नुसता हात फिरवला होता. मुळाशी तुटलेले नव्हते, अलगद सुटून आलेले होते. दोन दिवसांत आयाळीत मधेमधे कातडी दिसायला लागली आणि खुराच्या वरच्या कडेला आडव्या वळ्या उठल्या. डॉक्टरांनी दारातूनच विचारलं, "सुबाभूळ घालता का?" पाला बंद केल्यावर घोडी सावरली, पण शेपटीला पूर्वीचा गोंडा यायला वर्ष गेलं. गड्याचा दोष नव्हता. त्याच्या घरच्या शेळ्या तोच पाला खाऊन धडधाकट होत्या.

गिरिपुष्पाचं तसंच. हिरवळीचं खत म्हणून बांधाबांधावर लावलेलं असतं, गुरांना थोडा पाला चालतोही, पण घोड्याला तो विषारी आहे. कुरणाच्या कडेला गिरिपुष्पाचे खुंट असतील तर घोड्याची मान पोहोचेल तिथून ते काढा.

मग लावायचं कोणतं झाड?

निवडताना मी तीन गोष्टी बघतो. एप्रिल-मेमध्ये झाडावर पानं असतात का? वळवाच्या वाऱ्यात फांद्या तगतात का? आणि झाडाखाली वर्षभर काय काय पडतं? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण घोडं वरचा शेंडा क्वचितच खातं, खाली पडलेलं मात्र हुंगत हुंगत तोंडात घालतं.

माझी पहिली पसंती कडुनिंबाला. पानं कडू असल्यानं घोडी सहसा तोंड लावत नाहीत. पानगळ होते ती उन्हाळा तापायच्या आधी, आणि पाडव्याला आपण जी कोवळी तांबूस पालवी खातो ती एप्रिलपर्यंत दाट होते. म्हणजे सावली नेमकी गरजेच्या वेळी मिळते. सिन्नर, येवला, नांदगावच्या कोरड्या पट्ट्यात आणि हलक्या मुरमाड जमिनीतही तो तग धरतो.

त्याच्या बरोबरीनं करंज. नवी पालवी चैत्राच्या सुमारास येते, चकचकीत आणि गर्द, आणि सावली इतकी घट्ट की खाली उन्हाचे कवडसेही फारसे पडत नाहीत. वाढतोही बऱ्यापैकी लवकर. बिया कडू आणि तेलकट असतात, घोडी त्या खात नाहीत असा माझा अनुभव, तरी शेंगा गळायला लागल्या की आम्ही झाडून घेतो. भुकेलं शिंगरू काय तोंडात घालेल याचा नेम नाही.

चिंच हे पुढच्या पिढीसाठी लावायचं झाड. सावकाश वाढतं, पण लाकूड चिवट, वाऱ्याला हटत नाही आणि एकदा पसरलं की तीन-चार घोडी आरामात मावतात. पिकलेल्या चिंचा पोटभर खाल्ल्या तर शेण पातळ होतं, तेव्हा हंगामात गोळा करत राहा. चिंचेखाली गवत फारसं येत नाही, पण सावलीच्या जागी घोडी उभी राहून जमीन तुडवतातच, तिथे गवताची अपेक्षा कुठे असते?

ओढ्याकाठची, ओलाव्याची जमीन असेल तर अर्जुन लावा. गोदावरी आणि दारणेच्या काठानं तो आपोआप वाढतो, उंच जातो आणि मुळं काठ धरून ठेवतात.

वडाबद्दल न लिहिता पुढे जाणं नाशिककराला शोभणार नाही, आपल्या पंचवटीचं नावच पाच वडांवरून पडलं. सावलीला वडाची सर दुसऱ्या कशाला नाही. पण जागा मोठी हवी, आणि विहीर, तबेल्याचा पाया, पाण्याची टाकी यांपासून तो चांगला लांब हवा. पानांतला चीक तोंडाला चरचरतो, म्हणून फांद्या छाटल्या की छाटण उचलून न्या. उंबर मात्र मी कुरणात टाळतो. पिकलेली उंबरं खाली सडतात आणि माश्यांचं मोहोळ घोड्यांच्या डोळ्यांवर येऊन बसतं.

कडुनिंब म्हणून नर्सरीतून आणलेलं रोप बकाण निघालं. ओळखायचं कसं?

हा घोटाळा नेहमी होतो, कारण रोपावस्थेत दोन्ही सारखीच वाटतात. पान हातात घ्या. कडुनिंबाच्या पानाला एकच मधला दांडा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना विळ्यासारख्या वाकड्या पर्णिका. बकाणाचा दांडा पुन्हा फांदतो, त्या उपदांड्यांवर पर्णिका असतात, त्यामुळे पान झुपकेदार दिसतं. फुलं आली की शंकाच राहत नाही: कडुनिंबाची पांढरी, बकाणाची जांभळट. निंबोळी लांबट असते, बकाणाचं फळ गोटीसारखं गोल, पिवळं, आणि पानं गळून गेल्यावरही हिवाळाभर झाडावर लटकत राहतं. सगळ्यात जास्त विष त्याच फळांत आहे. बकाण कुरणात नको.

गुलमोहर लवकर वाढतो. चालेल का?

विषाची भीती नाही, पण उपयोगही नाही. ऊन तापायला लागतं तेव्हा तो निष्पर्ण असतो, मग फुलांनी पेटतो, आणि पुरती सावली द्यायला लागतो तेव्हा पाऊस आलेला असतो. लाकूड ठिसूळ. वळवाच्या पहिल्या झोडप्यात शहरात कोणती झाडं आडवी होतात ते दरवर्षी आपण बघतो. पेल्टोफोरम आणि नीलगिरीचंही तेच, नीलगिरीची तर सावलीही विरळ. बहावा, पळस, साग ही झाडं मला फार आवडतात, पण ऐन उन्हाळ्यात त्यांच्याखाली सावली नसते. बहाव्याच्या शेंगेतला गर रेचक आहे हेही ध्यानात असू द्या.

रेन ट्रीची सावली प्रचंड, पण मोठाल्या फांद्या कधी कधी अचानक कोसळतात आणि गोड शेंगांचा खच पडतो. जुना वृक्ष आधीच उभा असेल तर फांद्या तपासून घ्या, नवीन लावू नका.

बाभूळ तर आपली देशी. तिचं काय?

काट्यांचं काय करणार? बाभळीचा वाळका काटा खुराच्या तळव्यात, विशेषतः मधल्या मऊ पुतळीत घुसला की आठवड्यानं पू होतो आणि घोडं तीन पायांवर येतं. वेडी बाभूळ त्याहून वाईट. तिच्या गोड शेंगा घोडी भराभर खातात, त्यांचा पोटात गोळा बसून पोटशूळ होतो.

फळझाडं लावली तर दुहेरी फायदा नाही का?

आंब्याची सावली उत्तम आणि बारमाही, हे खरं. पण पाडाचे आंबे खाली पडले की घोडं कोयीसकट तोंडात घेतं आणि कोय घशात अडकण्याची भीती असते. सडलेली फळं पोटभर खाल्ली तर पोट फुगतं. आंबा आधीपासून असेल तर हंगामाचे दोन महिने त्याभोवती तारेचं कुंपण करा. जांभळाची फांदी कडकन मोडते, आणि मोहाची गोड फुलं पहाटे खाली सांडतात, घोडं त्यांच्यावर तुटून पडतं. पेठ-सुरगाण्याकडच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. पेरू चालतो, पण त्याच्या सावलीत घोडं उभं राहील एवढा तो वाढत नाही.

हल्ली शेताच्या कडेला अवोकॅडो लावायची हौस आली आहे. त्याची पानं, साल आणि फळ, सगळंच घोड्याला घातक. तोंड-मान सुजते, हृदयावर परिणाम होतो. कुरणाच्या जवळपासही नको.

कण्हेरीबद्दल एवढं भीतीनं का बोलतात?

कारण भीती खरी आहे. मोठ्या घोड्याला मारायला दहा-वीस पानं पुरतात. पानांतलं द्रव्य सरळ हृदयाच्या ठोक्यांवर आघात करतं. हिरवं पान कडू असल्यानं घोडं एरवी टाळतं, पण तोडलेली फांदी सुकली की चव मरते, विष मात्र तसंच राहतं. म्हणून बहुतेक अपघात उभ्या झाडानं होत नाहीत, छाटणीच्या ढिगानं होतात. शेजारच्या बंगल्याचा माळी कुंपणापलीकडे छाटण टाकतो, त्यातली चार पानं वाळल्या गवतात मिसळतात आणि घास म्हणून खाल्ली जातात. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, हीसुद्धा तितकीच जहाल.

वरातीचे घोडे घेऊन फिरणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे: हायवेच्या दुभाजकात आणि मंगल कार्यालयांच्या फाटकाशी कण्हेर असतेच. घोडं तिथे बांधून चहाला जाऊ नका. आणि देवळाबाहेरचं निर्माल्य जनावरापुढे टाकू नका. महादेवाला वाहिलेली कण्हेर आणि धोत्रा, मारुतीच्या गळ्यातला रुईच्या पानांचा हार, हे सगळं घोड्याला विष आहे. भाविक पुण्य म्हणून चारतात, त्यांना समजावून सांगा, सांगितलं की ऐकतात.

कण्हेर मुळासकट उपटा, हातमोजे घालून. जाळू नका, तिचा धूरही बाधतो. खोल पुरून टाका.

आणखी कोणती झुडपं कुरणातून काढायला हवीत?

घाणेरी सगळ्यात आधी. तिनं यकृत बिघडतं, मग रक्तात साचलेल्या द्रव्यांमुळे उन्हात कातडी भाजते. नुकऱ्याची गुलाबी नाकपुडी किंवा पंचकल्याणीचे पांढरे पाय अचानक लाल होऊन सोलायला लागले तर नुसतं मलम लावून भागणार नाही, आधी घाणेरी शोधा. एरंडाच्या बियांना घोडं फार नाजूक असतं. धोत्रा, रुई आणि ओढ्याकाठची बेशरम हीही काढा. शोभेच्या कुंपणासाठी नर्सरीवाले दुरांटा देतात, त्याची पिवळी फळं विषारी असतात. त्याऐवजी जास्वंद लावा किंवा कडेनं बांबू घ्या.

इंटरनेटवरच्या याद्यांत रेड मेपल, यू, ब्लॅक वॉलनट अशी नावं येतात. त्यांची काळजी करावी का?

ती अमेरिका-युरोपातली झाडं. तिकडे रेड मेपलची सुकलेली पानं घोड्याच्या तांबड्या पेशी फोडतात आणि ब्लॅक वॉलनटच्या भुशावर उभं राहून घोड्यांचे खूर सुजतात, हे खरं आहे. पण सिन्नरच्या माळावर ही झाडं भेटणार नाहीत. उलट त्या याद्यांत गिरिपुष्प बहुधा सापडत नाही, आणि यादीत नाव नाही म्हणून ते सुरक्षित आहे असं आपण धरून चालतो. तुमच्या बांधावर आज काय उगवलं आहे त्याची यादी स्वतः करा आणि पशुवैद्यकांना दाखवा.

झाड कुरणात नेमकं कुठे लावावं?

मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या शेवटाकडे नाशिकमध्ये शून्य सावली दिवस येतो, सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर. तेव्हा माध्यान्हीची सावली झाडाच्या बुंध्याशीच असते. खरा जाच तीन ते पाचचा, आणि त्या वेळी सावली पूर्वेकडे पडते. म्हणून झाडं कुरणाच्या पश्चिम बाजूला लावा, म्हणजे दुपार कलल्यावर सावली आत येईल, रस्त्यावर किंवा शेजाऱ्याच्या कांद्यावर जाणार नाही.

एकच झाड नको. सावलीची जागा एकच असली की दांडगी घोडी गरिबाला तिथे टिकू देत नाही. दोन-तीन ठिकाणी मोकळे गट करा, आणि कोपऱ्यात नको, कोपऱ्यात अडकलेलं घोडं लाथ खातं. पाण्याची टाकी सावलीत असावी, पण पानं पडणार नाहीत इतकी बाजूला.

घोडं बुंध्याची साल सोलून खातं. उपाय काय?

साल गोलाकार सोलली गेली की झाड मेलं. बुंध्यापासून चहूबाजूंनी पाच-सहा फुटांवर लाकडी आडवे दांडे घाला, तेवढी मान पोहोचते. काटेरी तार लावू नका, घोडं घाबरून तिच्यात गुरफटतं. पण घोडं साल का खातं, हेही विचारा. चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, भरपूर आणि वाळलं गवत कमी असं झालं की ते लाकडाकडे वळतं. माझ्याकडे दिवसभर कडबा-गवत समोर ठेवायला लागल्यापासून साल खाणं जवळपास थांबलं. कुंपणाचा दुसरा फायदा असा की मुळांवरची माती तुडवली जात नाही.

शेजारी द्राक्षबाग आहे. काळजी कोणती?

फवारणीची. ब्लोअरचा तुषार वाऱ्यावर तुमच्या झाडांवर, गवतावर आणि पाण्याच्या हौदावर बसतो. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुटण्यासाठी हायड्रोजन सायनामाइड लावतात, ते तर अतिशय जहाल. बागायतदाराशी आधीच बोलून ठेवा, फवारणीच्या आदल्या संध्याकाळी त्यानं एक फोन केला तरी पुरतं. त्या दिवशी घोडी बांधून ठेवा आणि हौद धुऊन पुन्हा भरा. बागेच्या कडेचा सिल्व्हर ओक वारा अडवतो, पण सावलीच्या दृष्टीनं त्याचा फारसा उपयोग नाही.

रोप कधी लावायचं आणि सावली मिळायला किती वर्षं लागतील?

उन्हाळ्यात तीन फूट लांब, रुंद, खोल खड्डे काढून तापू द्या. पहिला चांगला पाऊस झाला की सहा-आठ फुटी रोप लावा. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत कडुनिंब, करंज, चिंच बहुधा मिळून जातात. पहिले तीन उन्हाळे ठिबक किंवा बुडाला भोक पाडलेला माठ. पाणी धरलं तर करंजाखाली पाचव्या-सहाव्या वर्षी घोडं उभं राहू शकतं, चिंचेला त्याच्या दुप्पट धरा.

तोवर उसाच्या पाचटाचं छप्पर घाला. एका घोड्याला बारा बाय बारा फूट जागा, आणि उंची दहा फुटांच्या खाली नको. शेडनेट वापरलंत तर चारी बाजूंनी ताणून बांधा. लोंबणाऱ्या जाळीत पाय किंवा कान अडकतो.

पावसाळ्यात झाडाखाली घोडी सोडावीत का?

गडगडाट असताना मुळीच नाही. माळावरच्या एकट्या झाडावर वीज पडते आणि खाली उभी असलेली जनावरं एकदम जातात. वळवाचे ढग दिसले की आत घ्या. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात झाडाखाली चिखल साचतो, खुरांत सड धरते. तिथे मुरूम टाकून जागा उंच करा.

आधीपासून उभं असलेलं नको ते झाड तोडून टाकू का?

शहराच्या हद्दीत असाल तर १९७५ च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. हद्दीबाहेरही वनखात्याकडे किंवा तलाठ्याकडे आधी विचारा. मोठ्या झाडाला कुंपण घालणं बहुतेक वेळा पुरतं. तोडण्याची घाई फक्त झुडपांबाबत करा.

घोड्यानं काहीतरी विषारी खाल्लंय असं वाटलं तर?

सगळा चारा तोंडापुढून काढा आणि लगेच पशुवैद्यकांना फोन करा. कुणी मिळालं नाही तर १९६२ हा सरकारी टोल फ्री क्रमांक आहे. तेल, ताक, तूप नळीनं किंवा बाटलीनं घशात ओतू नका. ते फुफ्फुसात गेलं तर दुसरंच दुखणं उभं राहतं. पोटशूळ म्हणून घोडं फिरवायची आपली सवय, पण कण्हेरीचा संशय असेल तर एक पाऊलही चालवू नका, हृदयावर ताण येऊन ते जागीच कोसळू शकतं. सावलीत शांत उभं करा.

डॉक्टर येईपर्यंत जबड्याखालच्या नाडीवर बोटं ठेवून ठोके मोजा. स्वस्थ घोड्याचे मिनिटाला साधारण २८ ते ४४ असतात. मधेच ठोका चुकतो का, कान आणि पाय गार पडलेत का, हिरड्यांचा रंग कसा आहे, हे लिहून ठेवा. आणि एका माणसाला कुरणात पाठवा: कुरतडलेली फांदी, चावलेलं पान, शेणातली बी, जे सापडेल ते पिशवीत घालून डॉक्टरांच्या हातात द्या. आमच्या डॉक्टरांना त्या दिवशी घोडीच्या गव्हाणीत उरलेली सुबाभळीची एक काडी पुरली होती.